कार्यातली ओळख

दूध उतू जातं, मग पाणी का जात नाही, या प्रश्नाचं उत्तर मी आयुष्यात किती वेळा लिहिलं असेल ते देव जाणे. वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत लिहिलं, रेडिओवर सांगितलं, शाळाशाळांतून फळ्यावर आकृत्या काढून सांगितलं. आणि आता पासष्टी गाठल्यावर पुन्हा तेच लिहीत बसले होते, कारण कंपनीला ते आणखी आखूड करून हवं होतं. ‘तापल्यावर दुधावर साय धरते, साय वाफ अडवते, अडलेली वाफ सायीसकट वर येते.’ बस, एवढंच. एका श्वासात म्हणता येईल इतकंच उत्तर, असा आमच्या कामाचा दंडक होता. त्याहून जास्त ऐकायला लोकांना वेळ नसतो म्हणे. वाचवलेल्या वेळात लोक काय करतात, हे मात्र मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

ही उत्तरं जात होती बाळीत. कंपनीनं त्या यंत्राला ‘जिज्ञासा’ असं भारदस्त नाव दिलं होतं, पण ते जाहिरातीतच राहिलं. कानाच्या वरच्या पाळीला अडकवायचं, त्याची एक मऊ बोंडी कानाच्या आत बसवायची. दिसायला पेशवाईतल्या पुरुषांच्या भिकबाळीसारखं, म्हणून सगळे त्याला बाळी म्हणायला लागले. सांगलीच्या मंडईत भाजीवालीच्या कानात बाळी आणि तिच्याशी घासाघीस करणाऱ्या प्राध्यापकाच्याही कानात बाळी.

तिची करामत समजायला अवघड नाही. एखादी गोष्ट आपल्याला माहीत नाही, हे आपल्या मेंदूला आपल्याआधी कळतं. प्रश्नाचे शब्द जुळायच्या आत तिथे एक ठरावीक लहर उठते. विजेचा अगदी बारीकसा हेलकावा, व्होल्टचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या थोड्याशा भागांइतका. पण कानाच्या नळीपासून मेंदू काही फार लांब नाही, त्यामुळे तिथे तो पकडता येतो. आता या लहरीवरून एवढंच समजतं की इथे काहीतरी अडलंय. काय अडलंय ते बाळी तिच्या मोहरीएवढ्या कॅमेऱ्यातून बघून आणि आजूबाजूचे आवाज ऐकून ताडते. खिसे चाचपणारा माणूस दिसला की याची किल्ली सापडत नाहीये हे आपण ओळखतो, तसंच. तुम्ही कांदा चिरताय, डोळ्यांना धार लागलीय आणि त्याच वेळी लहर उठली, तर प्रश्न कोणता हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. ओठ हलायच्या आत उत्तर कानात. आणि एखाद्या माणसाला एकाच गोष्टीपुढे पुन्हा पुन्हा लहर उठत असेल, तर बाळी पुढे पुढे लहरीसाठी थांबतही नाही. ती गोष्ट समोर आली की लगेच सांगून मोकळी होते.

परिणाम असा झाला की कुणी कुणाला काही विचारेनासं झालं. परगावचा माणूस रिक्षावाल्याला पत्ता विचारत नाही. संक्रांतीला काळं का नेसायचं हे सुना सासवांना विचारत नाहीत. वर्गात हात वर होत नाहीत, त्यामुळे मास्तर खूश आणि मास्तरांना काम काय हा प्रश्न सरकारपुढे. जन्मभर लोकांच्या कुतूहलावर जगलेल्या बाईनं खरं तर याचं दुःख करायला हवं होतं. पण मी खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं. दमले होते मी उत्तरांना. आणि सगळ्यात जास्त दमले होते ती घरातल्या उत्तरांना.

कारण आमचे हे. शिरीष भडकमकर, गावभागात चष्म्यांचं दुकान होतं. आलेल्या गिऱ्हाइकाचा नंबर तपासता तपासता हे त्यालाच शंभर गोष्टी विचारत आणि त्यानं न सांगितलेल्या घरी आणत. पहिला घास घेतला की सुरू.

“मिरची पोर्तुगिजांनी आणली म्हणतेस. मग त्याआधी पिठलं तिखट कशानं करायचे गं?”

“मिरी घालायचे. पिंपळी घालायचे.”

“पिंपळी घालून पिठलं? पटत नाही मला.”

“नका पटवून घेऊ. जेवा.”

यावर गप्प बसतील तर शपथ. ‘पटत नाही’ म्हणजे चर्चेला सुरुवात, आणि ती ताक संपेपर्यंत चालायची. दिवसभर हेच करून मी ताटावर बसलेली असायचे, माझा तिळपापड व्हायचा. ‘तुमच्यापेक्षा कंपनीचं बरं, ती महिन्याला पगार तरी देते,’ असं मी त्यांना कितीदा म्हटलंय. ते नुसते हसायचे आणि पुढचा प्रश्न काढायचे.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी दुकान बंद केलं. कंटाळा आला म्हणाले. त्याच दिवाळीला आमच्या मुलीनं, मुक्तानं, पुण्याहून येताना त्यांच्यासाठी बाळी आणली. पाडव्याला त्यांनी ती घातली आणि भाऊबीजेपर्यंत घर शांत झालं. नुसतं शांत नाही, हे गृहस्थ सुधारलेच. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले की विचारायचे, “गुडघा कसा आहे गं?” माझ्या मैत्रिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तर त्याची चौकशी. माझ्या बहिणीच्या नातवाचं नाव लक्षात. लग्नाचा वाढदिवस तर सगळा संसार होईतो एकदाही ध्यानात राहिला नव्हता, त्या दिवशी सकाळी उठून म्हणाले, “आज आपला दिवस.” मी चहात साखर घालायची विसरले. उतारवयात का होईना, माणूस माझ्याकडे बघायला लागला, असं मला वाटलं. मला ते आवडलं. फार आवडलं, हे सांगायला मला आता लाज वाटते, पण आवडलं होतं.

त्या दिवाळीच्या थोडं आधीच मी बाळीसाठी एक नवा कप्पा लिहिला होता. त्याचं नाव ‘कार्यातली ओळख’. कल्पना सर्वस्वी माझी. आपल्याकडे लग्नमुंजीत एक छळ असतो. कुणीतरी बाई जरीचा पदर सावरत समोर येऊन उभी राहते आणि म्हणते, “ओळखलंस का मला?” नाही म्हणायची सोय नसते. नाही म्हटलं की ती बाई पुढची सगळी कार्यं आपल्याशी बोलत नाही. मग आपण “अगंबाई, तुम्ही होय!” असं म्हणून वेळ मारून नेतो आणि ती गेल्यावर शेजारणीला विचारतो की ही कोण. यावर मी तीन वाक्यांचा साचा बसवून दिला. नाव, नातं आणि काय विचारायचं. ‘या सुलूमावशी. आईच्या मामेबहीण. हृदयाचं ऑपरेशन झालंय, विचारा.’ घरातल्या कुणीतरी एकदा माणसांचे फोटो आणि माहिती भरून ठेवायची, पुढचं बाळी बघते. महाराष्ट्रभर हा कप्पा तुफान चालला. कंपनीनं मला शाल दिली. पुढे कुठल्याही कार्यात कुणी कुणाला ओळखलं नाही असं झालं नाही.

यंदा ह्यांची सत्तरी झाली. सत्तरीची शांत करायची असं माझ्या नणंदेनं, मेघनानं ठरवलं आणि मंगल कार्यालय ठरवून मग मला कळवलं. मला एवढा घाट नको होता. पण मेघनापुढे आमच्या घरात कुणाचं चालत नाही. सकाळी मी जांभळी पैठणी नेसून तयार झाले. हे सोवळं नेसून उभे होते, माझ्याकडे बघून म्हणाले, “साडी छान आहे गं.” मी “चला, उशीर होतोय” असं म्हणून तोंड फिरवलं, कारण चेहऱ्यावर हसू फुटलं होतं आणि ते मेघनानं बघितलं असतं.

होम झाला. मग अभिषेकासाठी आम्हा दोघांना कार्यालयाच्या मागच्या अंगणात पाटावर बसवलं. सगळ्या नातेवाइकांनी एकेक करून कलशातलं पाणी आमच्या डोक्यावर ओतायचं असतं. गुरुजी म्हणाले, “यजमान, कानातलं ते काढून ठेवा. पाण्यानं बिघडायचं.” हे घुटमळले. मीच हात पुढे करून बाळी काढली, रुमालात गुंडाळली आणि माझ्या पर्समध्ये टाकून पर्स आतल्या खोलीत ठेवायला दिली. मुक्ता तेवढ्यात केळीची पानं आली का बघायला गेली होती. ती परत आली तेव्हा आम्ही चिंब भिजलो होतो. तिनं बापाच्या कानाकडे बघितलं आणि तिचा चेहरा पडला. मला वाटलं, दमली असेल पोरगी.

कोरडे कपडे नेसून आम्ही औक्षणाला बसलो. सत्तर दिवे ओवाळून झाले, पेढा भरवून झाला, आणि मेघनाला जोर चढला.

“दादा, आता नाव घ्यायचं! त्याशिवाय उठू देणार नाही.”

बायकांनी टाळ्या पिटल्या. हे सगळ्यांकडे बघून गोड हसत होते. मुक्ता पुढे येऊन म्हणाली, “आत्या, राहू दे ना, बाबा दमलेत.” पण मेघना कसली ऐकते. “लग्नात सुद्धा यानं टाळलं होतं. वहिनी, तुम्ही सांगा त्याला!”

मी म्हटलं, “घ्या हो एकदाचं. पानं वाढायची खोळंबलीत.”

ते माझ्याकडे वळले. नीट बघितलं माझ्याकडे, दुकानात नव्या गिऱ्हाइकाकडे बघायचे तसं, अदबीनं. मग थोडं झुकून, लोकांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं विचारलं, “काय नाव आपलं?”

मेघनाला ऐकू गेलंच. तिनं तिथल्या तिथे सगळ्यांना सांगितलं आणि कार्यालयात हशाचा कल्लोळ उडाला. सत्तरीतही दादाचा खट्याळपणा गेला नाही, असं जो तो म्हणायला लागला. हसत नव्हतो ते आम्ही तिघं. मी, मुक्ता, आणि हे. त्यांच्या डोळ्यांत भीती होती. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं बघितलं नव्हतं, दुकानात पुराचं पाणी शिरलं तेव्हाही नाही.

खरं तर आमच्या घरात माझं नाव कुणाच्याच तोंडी नाही. ह्यांना मी ‘अगं’, नणंदेला वहिनी, मुलीला आई, कामाच्या बाईला काकू. नवऱ्यानं बायकोला नावानं हाक न मारणं आमच्या पिढीत काही नवल नव्हतं. त्यामुळे ते नाव जागेवर आहे की नाही, हे कळायला काही वाटच नव्हती. माणूस ‘अगं’ म्हणून हाक मारत राहिला आणि मी ओ देत राहिले.

मी उठले. पर्स आणते म्हणून आतल्या खोलीत गेले. दारावर ‘वधूपक्ष’ अशी पाटी, आत चटया, गाद्यांची चळत आणि भिंतीला एक मोठा आरसा. मी दाराला कडी घातली, रुमालातनं बाळी काढली आणि आपल्या कानात बसवली. असं का केलं ते मला सांगता येणार नाही. आरशात बघितलं. माझा चेहरा दिसायचा अवकाश, बाळी बोलायला लागली.

‘ही हर्षदा. तुमची बायको. गुडघा दुखतो, विचारा.’

 बाळी थोडी थांबली आणि पुढे म्हणाली, ‘चहा झाला का विचारू नका, तिनंच दिलेला असतो. आज तुमच्या सत्तरीची शांत आहे. साडी छान आहे म्हणा.’

साचा माझाच होता. नाव, नातं, काय विचारायचं. माझं वाक्य इतक्या सुबकपणे माझ्यावरच बसलेलं पाहून मला भडभडून आलं आणि राग आला, आणि दोन्हींतलं आधी काय करावं ते कळेना.

दारावर थाप पडली. “आई, उघड. बाबांची बाळी तुझ्याकडे आहे ना? आई, त्यांना लवकर द्यायला हवी.”

मी कडी काढली. मुक्तानं माझ्या कानाकडे बघितलं आणि ती गाद्यांच्या चळतीवर बसली.

“कधीपासून?” मी विचारलं.

“दुकान बंद केलं त्याच्या आधीपासून. एकाचा चष्मा दुसऱ्याला द्यायला लागले होते. त्यांचं त्यांनाच कळलं. माझ्याकडे पुण्याला आले, आपणहून डॉक्टरकडे गेले.”

“मला कामानिमित्त जातोय म्हणाले होते.”

“हो.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस.”

“त्यांनी मला शपथ घातली, आई. म्हणाले, ती दिवसभर जगाला उत्तरं देते. त्यात मी आणखी तेच तेच विचारायला लागलो तर ती मरेल. मग मी चौकशी केली. बाळीला विसरलेलं आणि मुळात माहीतच नसलेलं यातलं काही कळत नाही ना? दोन्ही वेळा लहर तीच उठते. म्हणून बाळी आणली आणि तुझ्याच कप्प्यात सगळ्यांची माहिती भरली, तुझीही.”

हे मला कुणी सांगायला नको होतं. मीच ते कधीतरी एका श्वासात बसवून दिलं होतं. कुतूहल काय नि विसर काय, मेंदूच्या दृष्टीनं एकच रिकामी जागा. आमची अख्खी कंपनी कुतूहलाच्या नावानं ती जागा बुजवत सुटली होती आणि त्याखाली कुणाकुणाचं काय काय दडलंय हे कुणी बघितलं नव्हतं. बायकोनंही नाही.

“म्हणजे दोन वर्षं माझ्याशी कोण बोलत होतं गं?”

“बाबाच बोलत होते.”

“बाबा नुसते तोंड हलवत होते! बोलत होतीस तू. आणि मी. माझी मीच माझ्या गुडघ्याची चौकशी करत होते!”

“हळू बोल, आई. लोक आहेत.” तिला रडू फुटलं होतं. “मग काय करायला हवं होतं? रोज सकाळी त्यांनी तुला ‘तुम्ही कोण’ असं विचारलेलं तुला चाललं असतं? सांग ना. सहन झालं असतं तुला?”

 जन्म गेला उत्तरं देण्यात आणि पोटच्या पोरीला द्यायला एक सापडलं नाही. मी डोळे पुसले, बाळी काढली आणि बाहेर गेले.

पंगत बसली होती. हे पहिल्या पानावर बसले होते आणि वरणभाताकडे बघत होते. शेजारी कोण, समोर कोण, काही उमज नव्हता. मी मागून जाऊन त्यांच्या कानात बाळी बसवली. वीज आल्यावर दिवा लागावा तसा त्यांचा चेहरा उजळला. वर बघून म्हणाले, “अगं, ये. बस इथे. गुडघा कसा आहे?”

“बरा आहे,” मी म्हटलं आणि तूप वाढायला गेले.

पुढचे काही दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. पुण्याला जाऊन त्यांच्या डॉक्टरांना भेटून आले. औषध चालू आहे, वेग थोडा कमी होईल, परत काही येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बाळीबद्दल विचारलं तर म्हणाले, “चांगलीच आहे की. माणूस चारचौघांत वावरतो. काढून घेतलीत तर गोंधळतील, चिडतील, तुम्हाला त्रास होईल.” मुक्ताचंही तेच म्हणणं. मेघनाला सांगितलं तर ती रडली आणि तिनंही तेच म्हटलं. सगळ्यांचं म्हणणं रास्त होतं. फक्त घरात त्या शहाण्या, गोड, परक्या माणसासमोर बसून मला घास गिळवत नव्हता. मी वाटी पुढे केली की मला वाटे, आता याला कुणीतरी कानात सांगतंय, ‘भाजी छान झाली म्हणा.’ आणि ते म्हणतच.

शेवटी एका दुपारी मी त्यांनाच विचारलं. त्यांचा आजार, तेव्हा त्यांना विचारायला हवंच होतं. गॅलरीत बसले होते, मी समोर खुर्ची ओढली.

“अहो, ही बाळी काढून ठेवली तर?”

त्यांनी मान तिरकी करून बाळीकडे कान दिला. मी वाट बघितली.

“याचं उत्तर तिला येत नाही वाटतं,” मी म्हटलं.

ते हसले. “नाही येत. मलाच द्यायला हवं.” मग म्हणाले, “काढली तर मी तुला ओळखणार नाही. दिवसातून एखाद वेळी ओळखीन. पुढे तेवढंही नाही.”

“माहीत आहे मला.”

“तुला वाईट वाटेल.”

“आत्ता काय आनंदानं नाचतेय का मी?”

“तेच तेच विचारीन. तू दमशील गं. आधीच दमलेली असतेस.”

“दमेन. चिडेन सुद्धा, सांगून ठेवते. ओरडेन तुमच्यावर.” मी खुर्ची आणखी जवळ ओढली. “पण हे जे चाललंय त्यात तुम्ही नाही आहात हो. मला या घरात तुम्ही हवे आहात. जेवढे उरलात तेवढे.”

त्यांनी कानाला हात लावला, पण बाळी काढली नाही. “बाहेर जाताना घालीन,” ते म्हणाले. “लोकांत फजिती नको. घरात नको घालायला. आणि मी मागितली तर?”

“मागितलीत तर देईन.”

“ठरलं,” असं म्हणून त्यांनी ती काढून माझ्या हातात दिली. 

मी कंपनीला कळवलं की यापुढे निम्मंच काम जमेल. त्यांनी एक तरुण माणूस नेमला, तो माझ्याहून आखूड लिहितो.

ते पहिले आठवडे कसे गेले ते मी कुणाला सांगत नाही. दुकानाच्या किल्ल्या शोधत त्यांनी कपाटं उपसली. एकदा मला चोर समजून ओरडले, शेजारी धावत आले. आंघोळीला नेताना माझा हात झिडकारला. मी पण बोलायचं ते बोलले, नको ते बोलले, आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबला. बाळी टेबलाच्या खणात होती. त्यांनी ती एकदाही मागितली नाही. मलाच कितीदा वाटलं, घालावी त्यांच्या कानात आणि सुखानं एक तासभर झोपावं.

पण काही वेळा असंही व्हायचं की समोर बसून ते अचानक एखादा प्रश्न काढायचे. जुना नव्हे, अगदी कोरा. माणसं पुसली जात होती, माझ्यासकट, पण ती विचारायची खोड कुठे खोल रुतलेली होती कोण जाणे, ती तशीच होती. परवाची सकाळ तशीच होती. मी चहा घेऊन गॅलरीत गेले तर खिडकीच्या काचेत स्वतःकडे बघत बसले होते.

“एक विचारू?” ते म्हणाले. “आरशात डावं-उजवं उलटतं. मग वरचं खाली का होत नाही?”

मी कप ठेवला. हा प्रश्न मला कधी आवडत नसे, एका श्वासात कधीच मावला नाही. “उलटत नाही हो काही,” मी सांगितलं. “तुमचा उजवा हात आरशातही त्याच बाजूला असतो. उलटतं ते पुढचं-मागचं. तुम्ही इकडे तोंड करून आहात, तो तिकडे. पण आपण मनातल्या मनात गिरकी घेऊन त्याच्या जागी उभे राहतो आणि म्हणतो, याचा डावा हात.”

“पटत नाही मला,” ते म्हणाले.

मग आम्ही भांडलो. मी आतून हातमोजा आणला, उलटा करून दाखवला. त्यांनी उठून काचेवर बोट टेकवलं, मला शेजारी उभं केलं, माझा हात धरून वर करून बघितला. चहा निवला. शेवटी त्यांनी मान डोलावली, खुर्चीत बसले आणि माझ्याकडे आदरानं बघितलं.

“तुम्हाला बरंच माहीत आहे हो,” ते म्हणाले. “तुमचे यजमान काय करतात?”

माझा जीव एवढा एवढा झाला. पण विचारलं होतं तर सांगायला हवं होतं.

“प्रश्न विचारतात,” मी म्हटलं.

“अस्सं. आणि उत्तरं कोण देतं?”

“मी देते.”

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. कान मोकळाच होता, त्यांना सांगायला कुणीही नव्हतं.

“दमत असाल,” ते म्हणाले.

“हो,” मी म्हटलं. “खूप दमते.”

त्यांनी शेजारच्या खुर्चीवरचा पेपर उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

“मग बसा की थोडा वेळ,” ते म्हणाले. “मी आहे इथे.”